कमिटीवर नव्याने आलेल्यांसाठी: दुसऱ्याच्या घरातून आपली इमारत कशी दिसते

सोसायटीच्या निवडणुकीत तुम्ही बिनविरोध निवडून आला असाल तर अभिनंदन. बिनविरोध म्हणजे दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. येत्या रविवारपासून लोक तुम्हाला लिफ्टमध्ये, गेटवर, भाजी घेताना गाठू लागतील. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सांगतील, वरून पाणी गळतंय. तिसऱ्या मजल्यावरचे काका सांगतील, आमच्याकडे या, एक थेंब दाखवा. आणि दोघंही खरं बोलत असतील.

हिशेब कसे ठेवायचे, उपविधी म्हणजे सोसायटीचे नियम कसे वाचायचे, ऑडिटला काय लागतं, हे शिकवणारे भेटतात. मुंबईत हौसिंग फेडरेशनचे वर्गही असतात. पण आपल्याच इमारतीतला शेजारी काय बघतोय, ते कसं कळून घ्यायचं, हे कोणी शिकवत नाही. फार तर सल्ला मिळतो की 'स्वतःला त्यांच्या जागी ठेवून बघा'. सल्ला चांगला वाटतो, पण तो अपुरा आहे आणि कधीकधी घातकही. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये पंचवीस प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडले. दुसऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना केल्याने त्याच्या मनातलं ओळखणं जास्त अचूक होतं, याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. अचूकता वाढली ती त्या माणसाशी प्रत्यक्ष बोलल्यावर. साहजिकच आहे. काकूंच्या जागी मी स्वतःला ठेवलं, तर त्या खुर्चीत काकू नसतात, मीच बसलेला असतो, माझ्या आवडीनिवडी घेऊन.

तेव्हा या लेखात कल्पनाशक्तीचे व्यायाम नाहीत. जाऊन बघायचं कसं, विचारायचं कसं आणि ऐकलेलं बरोबर कळलंय का ते तपासायचं कसं, एवढंच आहे.

सुरुवात स्वतःच्या डोळ्यापासून

पहिल्या मीटिंगच्या आधी एक कागद घ्या. डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते तिथे पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. सतराव्या शतकात मारियोत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं.

ठिपका जातो यात फारसं नवल नाही. त्या जागी भोक दिसत नाही, हे खरं नवल. मेंदू आजूबाजूचा पांढरा कागद ओढून तिथे पसरतो आणि आपल्याला सगळं कसं भरलेलं, अखंड दिसतं. आपल्याला काही दिसत नाहीये, हेसुद्धा आपल्याला दिसत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका खोटं बोलत नाहीत, ते असे. त्यांच्या बाथरूमची लादी कोरडी आहे, नळ घट्ट बंद आहे, सगळं अखंड आहे.

नव्या कमिटीने हा प्रयोग सगळ्यांनी मिळून करावा असं माझं मत आहे. पाच मिनिटांचं काम आहे आणि चहा येईपर्यंत करमणूकही होते.

मग जिना चढा: गळतीचं प्रकरण

मुंबईतल्या जुन्या इमारतीत नव्या सेक्रेटरीकडे पहिली तक्रार बहुधा गळतीचीच येते, म्हणून ती जरा सविस्तर घेऊ.

आधी खालच्या घरी जा, वरच्या घरी नंतर. खाली छताचे पोपडे बघा, वास घ्या, हात लावा. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि रेघेवर तारीख लिहा. ही रेघ पुढे तुमच्या फार उपयोगी पडेल, कारण आठवड्याने 'वाढलंय' आणि 'अजिबात वाढलं नाही' असे दोन आवाज एकाच वेळी उठणार आहेत. काकूंना विचारा की हे कधी जास्त होतं. सतत झिरपत असेल तर टाकीतून येणारी भरलेली पाइपलाइन संशयित. वर कोणाची आंघोळ झाली की तासाभराने वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (बाथरूमचं पाणी जिथून खाली उतरतं ती जाळीखालची वाटी) किंवा सांडपाण्याचा सांधा. फक्त जून ते सप्टेंबर असेल तर बाहेरची भिंत. हे तीन प्रश्न विचारले की निम्मी लढाई संपते, कारण खर्च कोणाचा हेही त्यावरच ठरतं. सरकारने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरून येणारी पावसाची गळती आणि सामायिक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी गळती त्या सभासदाने.

मग वर जा, शक्य असेल तर काकूंना बरोबर घेऊन. नहाणीचं तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा, दोन इंच पाणी भरा, त्यात रंग टाका, चोवीस तास राहू द्या. रंग खाली उतरला तर वाद मिटला. नाही उतरला तरी काकांनी आपलं बाथरूम एक दिवस बंद ठेवलं हे काकूंनी पाहिलेलं असतं, आणि काकांनी खालच्या खोलीतला तो कुबट वास घेतलेला असतो. माझ्या मते या चाचणीचा अर्धा फायदा इथेच आहे. प्लंबर मात्र हे बिलात लावत नाही.

एक सावधगिरी. ओल जिथे दिसते त्याच्या नेमकं वर गळती असेलच असं नाही. पाणी स्लॅबमधून वाट काढत दोन-चार फूट लांबही जातं. काकू ज्या बाथरूमकडे बोट दाखवतायत त्याऐवजी शेजारच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर निघालेलं मी पाहिलंय. त्रास काकूंना बिनचूक माहीत असतो, पण कारणाबद्दल त्यांचाही अंदाजच असतो. तक्रारीतली ही दोन अंगं वहीत वेगळी लिहा.

तक्रारीच्या वेळी जा, तुमच्या सोयीने नको

पालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं. ते पहाटे येत असेल तर पंप पहाटे लागतो. तळमजल्यावरच्या सभासदाच्या पलंगाची भिंत आणि पंपरूमची भिंत एकच असते, असं कित्येक इमारतींत आहे. ही तक्रार संध्याकाळी सातला चहा पिताना तपासून उपयोग नाही. पहाटे जा, भिंतीला तळवा लावा. पंप बंद होताना पाइपात जो धप्प आवाज होतो तो ऐका. तो बहुतेक वेळा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, आपटल्याचा असतो आणि दुरुस्त होतो. सातव्या मजल्यावरच्या माणसाला पंप आहे हे पाणी गेल्यावरच आठवतं. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्यापर्यंत फक्त पाणी पोचतं.

जिन्यातल्या दिव्यांचंही तसंच. तरुण कमिटीने वीज वाचवायला कमी वॅटचे एलईडी लावले की ज्येष्ठ कुरकुरतात आणि कमिटीला वाटतं, यांना प्रत्येक बदलाला नाक मुरडायची सवय. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट होतं आणि बाहुली लहान राहते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. आजोबांना तोच जिना खरोखरच अंधारा दिसतो. अशा ठिकाणी 'दृष्टिकोन' वगैरे मोठे शब्द काढू नका, दिवा बदला.

जागा बदलली की मत किती झटकन बदलतं हे बघायचं असेल तर सकाळी दादरला उभे राहा. फलाटावरचा माणूस ओरडतो, 'अरे आत जागा आहे, सरका!' तोच माणूस रेटारेटीत चढतो आणि पुढच्या स्टेशनला दारातून सांगतो, 'जागा नाही, मागची पकडा.' मधे फक्त एक स्टेशन गेलेलं असतं.

विचारायचं कसं

'का' ने सुरू होणारे प्रश्न पहिल्या भेटीत टाळा. 'तुम्ही मेंटेनन्स का भरत नाही?' याला उत्तर मिळत नाही, बचाव मिळतो. त्याऐवजी 'शेवटचं बिल हातात आलं तेव्हा काय झालं?' असं विचारा. कधीपासून, कधी जास्त, आधी कसं होतं, कोणाला सांगितलं होतं, असे प्रश्न माणसाला आठवायला लावतात, आणि आठवणारा माणूस कमी भांडतो.

तळमजल्याचा सभासद लिफ्टच्या खर्चाला विरोध करतो, ही तर ठरलेली गोष्ट. उपविधी स्पष्ट आहेत, लिफ्टचा खर्च सगळ्यांना समान, वापरा किंवा वापरू नका. नवा सेक्रेटरी उपविधी फडकावतो आणि विषय संपवतो. पण जरा बसून विचारलं तर पुष्कळदा वेगळंच निघतं. लिफ्टचं जाळीचं दार दिवसभर त्याच्या घराबाहेर आपटतं. लिफ्टची वाट बघणारे त्याच्या उंबऱ्यापाशी फोनवर बोलत उभे राहतात. कोणीतरी त्याच्याच पायपुसण्यावर बूट झटकतं. या सगळ्याचे पैसे वर आपल्यालाच द्यावे लागतात, असं त्याचं गणित. पैसे त्याला द्यावेच लागतील. पण दाराला रबर लावायला आणि बाकडं दोन फूट सरकवायला कोणाची हरकत असणार?

ऐकताना मान डोलवू नका, लिहून घ्या. लिहिणारा माणूस समोर असला की लोक आपोआप मुद्देसूद होतात. आणि लिहिताना शब्द त्यांचेच ठेवा. 'ध्वनिप्रदूषणाची तक्रार' असं नको, 'पहाटे भिंत हलते' असंच लिहा.

पूर्वपक्ष मांडा

आपल्याकडे शास्त्रार्थाची जुनी शिस्त आहे. उत्तरपक्ष मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी आपण सांगायचं, तेही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. लंगडा पूर्वपक्ष मांडून तो खोडणाऱ्याला मान मिळत नसे. सर्वसाधारण सभेत ही शिस्त आणली तर निम्मा आरडाओरडा कमी होतो.

करायचं असं. पार्किंगचा विषय आहे, समजा. तुम्हाला क्रमवारीने जागा वाटायच्या आहेत आणि एका सभासदाला आहे तीच जागा हवी आहे. तुमचा प्रस्ताव मांडण्याआधी म्हणा, 'यांचं म्हणणं मी सांगतो, चुकलं तर थांबवा.' मग सांगा: ते तेवीस वर्षं तिथेच गाडी लावतात, त्या कोपऱ्यात पाणी साचायचं तेव्हा त्यांनी स्वखर्चाने कोबा घातला, तेव्हा कोणालाच ती जागा नको होती. त्यांनी 'हो, हेच' म्हटलं तर पुढे जा. 'नाही, तसं नाही' म्हटलं तर पुन्हा ऐका, पुन्हा सांगा. पहिल्या खेपेला 'हो' क्वचितच मिळतं. मुद्दा बरोबर असतो, वजन चुकलेलं असतं. त्यांना कोब्याच्या खर्चाचं काही नसतं, सगळ्यांना त्याचा विसर पडला याचं असतं.

एक खूण सांगतो. समोरच्याचं म्हणणं सांगताना तुमच्या तोंडी 'त्यांना फक्त' हे शब्द आले तर थांबा. 'त्यांना फक्त फुकट पार्किंग हवंय', 'त्यांना फक्त अडवायचंय'. ज्या वाक्यात 'फक्त' येतं तो अजून पूर्वपक्ष झालेला नसतो.

इथे कोणीतरी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगणारच. पाली ग्रंथांत ती श्रावस्तीच्या राजाची म्हणून येते, जैन परंपरा ती अनेकान्तवाद समजावताना सांगते. गोष्ट सुंदर आहे. अडचण एवढीच की गोष्ट सांगणारा स्वतःला नेहमी त्या डोळस राजाच्या जागी बसवतो. सोसायटीत असा राजा नसतो. चेअरमनही शेपटीच धरून उभा असतो, फक्त त्याच्याकडे शिक्का असतो. आणि अनेकान्तवाद म्हणजे 'सगळ्यांचंच बरोबर' असंही नव्हे. विधान कुठल्या बाजूने खरं आहे ती बाजू सांगून बोला, असा त्याचा आग्रह आहे. 'इमारतीत पाणी मुबलक आहे' हे वाक्य तळमजल्याकडून खरं आहे, मे महिन्यात सातव्या मजल्याकडून नाही. इतिवृत्तात मजला लिहायला विसरू नका.

मीटिंगला न येणारे

सभेला येणारे नेहमीचे पंधरा-वीस चेहरे म्हणजे इमारत नव्हे. भाडेकरूंना मत नसतं, पण नळ त्यांच्याही घरी असतो. कामवाल्या बायका दिवसात चार घरं करतात. कुठल्या मजल्यावर पाण्याचा जोर कमी, कुठली पायरी फुटली, कचऱ्याचा डबा उचलायला किती जड, हे त्यांना कमिटीपेक्षा जास्त माहीत असतं. नोकरांनी लिफ्ट वापरू नये अशी पाटी तुमच्या इमारतीत अजून असेल तर आधी ती काढा, मग त्यांना काही विचारा. वॉचमनला रात्री बसायला पाठ असलेली खुर्ची आहे का, लघवीला कुठे जातो, हे एकदा विचारा. त्याच्याकडून कोणाच्या घरी कोण येतं-जातं ते मात्र काढू नका, तो वेगळा धंदा झाला.

व्हॉट्सॲप ग्रुपवर भिस्त ठेवू नका. तिथे जो भराभर टाइप करतो त्याचंच मत बहुमत वाटतं. इंटरकॉमवर एक फेरी मारा, नाहीतर संध्याकाळी बाकड्यावर जाऊन बसा.

नोटीस लावण्याआधी

१९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक मजेशीर प्रयोग केला. एकाने मनात गाणं धरून टेबलावर फक्त ठेका वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक.

'तांत्रिक कारणास्तव उद्या पाणीपुरवठा अनियमित राहील' ही नोटीस अशीच टकटक आहे. लिहिणाऱ्याला टाकी धुण्याचं काम, प्लंबरची वेळ, सगळं माहीत असतं. वाचणाऱ्याला कळत नाही की बादल्या भरायच्या की नाही. लिहा: 'बुधवारी सकाळी १० ते ४ गच्चीवरची टाकी धुणार. नळाला पाणी येणार नाही. मंगळवारी रात्री भरून ठेवा.' लावण्याआधी या विषयाशी संबंध नसलेल्या कोणाकडून तरी वाचून घ्या आणि 'आता तुम्ही काय कराल?' एवढंच विचारा. 'कळलं का?' विचारू नका, सगळे 'हो' म्हणतात. शाईचा रंग काळाच ठेवा. लाल-हिरवा फरक न दिसणारे पुरुष प्रत्येक मोठ्या इमारतीत एखाद-दुसरा सापडतोच, आणि तो ते सांगत फिरत नाही.

तुमच्याच कमिटीत

तीन महिन्यांनी खजिनदाराला वाटू लागेल की सगळं आपणच करतो. सेक्रेटरीलाही तसंच वाटत असेल. रॉस आणि सिकोली यांनी १९७९ मध्ये जोडप्यांना घरकामातला आपापला वाटा विचारला, तर दोघांची बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर गेली. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याचं दिसलेलंच नसतं. उपाय रुक्ष आहे. कपाटाच्या दारावर महिन्याच्या कामांची यादी चिकटवा आणि ज्याने केलं त्याने नाव लिहावं.

कुठे थांबायचं

ऐकून घेणं म्हणजे कबूल करणं नव्हे. स्लॅबमधलं पाणी, बँकेतली शिल्लक, आगीच्या जिन्यात ठेवलेली सायकल, या गोष्टींना दोन बाजू नसतात. मोजा आणि ठरवा. एखाद्या सभासदाला त्याच्या जातीवरून, धर्मावरून किंवा एकट्या बाईला एकटी म्हणून त्रास दिला जात असेल तर दोन्ही बाजूंना समोर बसवून समेट घडवायला जाऊ नका. तिथे त्रास थांबवणं हे कमिटीचं काम आणि गरज पडली तर पोलिसांचं. आणि कोणाला सांगायचंच नसेल तर खोदून विचारू नका. घरात आजारपण आहे म्हणून मेंटेनन्स थकला, हे चारचौघांत वदवून घेण्याचा अधिकार कमिटीला कोणी दिलेला नाही.

पुनर्विकास आला की

आज ना उद्या येणारच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ ला निघालेल्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. आधी ७५ टक्के लागत. म्हणजे अर्ध्या इमारतीचं न ऐकताही काम पुढे रेटता येतं, आणि नव्या कमिटीला हा मोह पडतो.

सभेआधी घरोघरी जा, बिल्डरची पत्रकं न घेता. तिशीतल्या जोडप्याला जास्तीचा चटईक्षेत्राचा तुकडा दिसतो. ऐंशीच्या आजींना भाड्याच्या घरातली तीन वर्षं दिसतात, आणि तिथून परत येऊ का हा हिशेब त्या मोठ्याने करत नाहीत. तळमजल्यावरच्या दुकानदाराला रोजचं गिऱ्हाईक तुटलेलं दिसतं. पुण्याला राहणाऱ्या सभासदाला भाव दिसतो. अर्ध्यावर बंद पडलेल्या प्रकल्पातून पोळून आलेल्याला पत्र्याचं कुंपणच दिसतं. आजींच्या 'नको'वर चटईक्षेत्र वाढवून देणं हे उत्तर नाही. त्याच वॉर्डात, ओळखीच्या डॉक्टरजवळ भाड्याचं घर आणि भाडं वेळेवर मिळण्याची बँक गॅरंटी, हे कदाचित असू शकतं. पण ते त्यांनाच विचारून.

मतदान झालं की विरोधात गेलेल्यांची कारणं त्यांच्या शब्दांत इतिवृत्तात घ्या, सही करण्याआधी तो परिच्छेद त्यांना वाचून दाखवा, आणि करारनाम्याचा मसुदा वकिलाकडे जाईल तेव्हा त्याच्यासोबत ते पानही जोडा. बँक गॅरंटी कितीची, भाडं कधी वाढणार, काम लांबलं तर काय, ही कलमं वकील त्यावरूनच पक्की करेल.